तेलातलं कुंकू

विंझर गाव मागं पडलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं, आणि मंगलच्या हातातली बरणी चालीबरोबर खुळखुळत होती. तिला तो आवाज ऐकवत नव्हता. म्हणून ती बरणी पोटाशी धरून जपून पावलं टाकत होती.

"पाळण्यातलं पोर नेल्यावानी नेऊ नगंस," पुढं चालणारे गेनबा मागं न बघताच म्हणाले. "हलू दे. जेवढी हलंल तेवढं बरं."

गेनबा म्हणजे तिचे सासरे. मार्गासनीत सगळे त्यांना आबा म्हणत, मंगल मामा म्हणायची. बरणीत चिंचेचं पाणी होतं, मूठभर भाताचं तूस होतं आणि मामांचे मासे धरायचे गळ होते. सगळे गंजलेले. आणि ते गंजले होते मंगलच्या भक्तीनं.

झालं होतं असं. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते. विळे, कोयते, कुदळी पुजून झाल्यावर मंगलच्या मनात आलं, मामांच्या गळांनीच काय पाप केलंय? तिनं फळीवरचा पत्र्याचा डबा उतरवला. आत जुनाट, पिवळे पडलेले तांदूळ होते. ते तिनं चिमण्यांना टाकले, डबा धुतला, गळ धुतले, त्यांना पाण्यात कालवलेलं हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली, आणि आरती झाल्यावर सगळं तसंच आत ठेवून झाकण घट्ट बसवलं. देवाचं काम मनापासून झालं म्हणून त्या दिवशी तिला घासही गोड लागला.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा गेनबांनी डबा उघडला. फुलांचा लगदा झालेला, आणि गळ विटेच्या भुग्यासारखे तांबडे. ते त्यातला एक मोठा गळ तेवढा उचलून बोटांत फिरवत बसले.

तो गळ अक्काबाईंचा होता, मंगलच्या सासूबाईंचा. वेल्ह्याच्या एका लोहारानं पोलादी तार तापवून तो घडवला होता. आता तो लोहारही नाही आणि त्याचा भाताही नाही. बायकोमाणूस गळ घेऊन पाण्यावर बसते म्हणून गाव हसायचं, पण मोठा शिवडा मासा लागायचा तो अक्काबाईंच्याच गळाला. धरण झालं आणि भाताची खाचरं पाण्याखाली गेली, तेव्हा रडण्याऐवजी त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "चला की, आपल्याच रानावर गळ टाकू. कोण अडवतंय?" त्या गेल्यावरही गेनबा तिथंच जाऊन बसत, अक्काबाईंचाच गळ घेऊन. मंगलचा नवरा हनुमंत म्हणाला होता, "पुण्यास्नं नव्या गळांचं पाकीट आणतो." म्हाताऱ्यानं डब्याचं झाकण लावून टाकलं होतं.

आज सकाळी एवढंच म्हणाले, "सूनबाई, चल माझ्यासंगं." एसटी समोरून गेली तरी हात केला नाही. तेव्हा मंगलला उमगलं नाही. आता उमगत होतं. चालता चालता तूस गळांना घासत होतं आणि चिंच गंज सोडवत होती. चालणं हेच काम होतं.

मागून फटफटीवर सोमनाथ आला. गावातलाच, तोंडाचा फाटका. "काय आबा, सुनेच्या हातात बरणी? ताडी चालली व्हय वेल्ह्याला?"

"चिंचेचं सार हाय. पितोस?"

"काटं दिसत्यात त्यात!"

"मग तुझ्या जिभंला बरं. तिला लगाम लागंल."

सोमनाथ हसत निघून गेला. मंगललाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. वाटेत उघड्यावरचा मारुती होता, त्याच्या पायाशी गेनबांनी खिशातली एरंडेलाची बाटली काढून दोन थेंब सोडले. मंगलनं हात जोडले. बाकीचे सगळे गळ गेले तरी चालतील देवा, सासूबाईंचा तेवढा एक राहू दे.

धरणाच्या पाण्याला मिळणाऱ्या ओढ्यापाशी गेनबा थांबले. बरणीतलं पाणी आता काळपट झालं होतं. "आता उशीर करून चालायचं न्हाई. चिंच गंज खाती, आन् गंज संपला की लोखंड खाती." त्यांनी गळ वाहत्या पाण्यात खळबळले, पुडीत बांधून आणलेली चुलीतली राख लावून चोळले, चिंचेचा आंबटपणा मरावा म्हणून. पुन्हा धुतले, धोतराच्या फडक्यानं एकेक पुसून तापलेल्या कातळावर मांडले.

मंगल बघतच राहिली. सकाळी जे मातीमोल वाटत होतं त्यातून काळंनिळं पोलाद वर आलं होतं, उन्हात चमकत होतं. चालण्यानं, तुसानं आणि चिंचेनं हे केलं होतं, आणि बरणी तिच्याच हातात होती. 

पण काही गळ आतून पोखरले होते. गेनबा बोटांनी वाकवत, ते कटकन मोडत, आणि ते तुकडे फडक्यात बांधून ठेवत. कुणा गुराच्या पायात जायला नकोत. अक्काबाईंचा गळ त्यांनी शेवटी घेतला. त्याच्या वळणावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. तिथं त्यांनी नख फिरवून पाहिलं.

"मामा, नगा वाकवू," मंगल म्हणाली. "तसाच ठेवा. निस्ता ठेवायला तरी राहील."

"निस्ता ठेवायला तिनं करून घेतला नव्हता त्यो."

त्यांनी गळाला दोरी ओवली, तो काठावरच्या करंजाच्या मुळात अडकवला, दोरी फडक्यावरून हाताला गुंडाळली आणि मागं रेलून सगळा भार टाकला. मूळ करकरलं. मंगलनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा म्हातारा अजून तसाच मागं कललेला होता, आणि गळ मुळात घट्ट रुतला होता.

"बघ," ते म्हणाले, दम लागला होता. "तुझी सासू कवाच सोडत नव्हती. ना माशाला, ना मला."

 मंगलनं पदर तोंडाला लावला. गेनबांनी गळ सोडवून दोन थेंब एरंडेल बोटांवर घेतलं आणि त्याला वळणापासून टोकापर्यंत चोळलं, लेकराला न्हाऊ घालताना चोळावं तसं.

"माशाला वास न्हाई येत तेलाचा?"

"येतो की. म्हनून पाण्यात टाकायच्या आदी कणकंनं पुसायचा. आन् डब्यात सुकं तांदूळ. दमट हवा तांदूळ पितो, लोखंडाला न्हाई पिऊ देत."

म्हणजे ते पिवळे तांदूळ! मंगलची मान खाली गेली. "मामा, म्या पुन्यांदा तुमच्या डब्याला हात न्हाई लावायची."

गेनबांनी गळ सुक्या फडक्यात गुंडाळला आणि तिच्या ओंजळीत ठेवला.

"उलटं सांगाय तुला हितवर आणलं. माजं हात आता कापत्यात. एवढ्या वर्सांत ह्या गळांची पूजा कुनाला सुचली न्हाई, तुझ्या सासूलाबी न्हाई. वाटंतला मारुती बगितलास न्हवं? सारा पावसाळा अंगावर घेतो, तरी पाणी भिनत न्हाई, कारण त्याचा शेंदूर तेलात असतो. पुढल्या खंडेनवमीला म्या आसंन-नसंन. पूजा तूच कर पोरी. तेवढं कुंकू तेलात कालव."