आधी सांग, मग बघते

गजरामावशी मालिका बघायला बसायची ती पुढचं सगळं ऐकूनच. चिक्कीच्या कारखान्यात आम्ही दोघी शेजारी बसून पॅकिंग करायचो. चहाची सुट्टी झाली की डोक्यावरची प्लास्टिकची टोपी काढून ती माझ्याकडे सरकायची. "शांते, काढ मोबाईल. आज सातला काय हुनार त्ये वाच." मालिकेचा पुढचा भाग कुणीतरी आधीच मोबाईलवर लिहून टाकतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षराखाली बोट फिरवत हळू वाचायची. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. मावशीपुढे फुटायचा.

बाकीच्या बाया हसायच्या. रखमा तर रोज टोचायची, "मावशे, सगळं कळल्यावर टीव्ही कशाला लावतीस? ईज जाळायला?"

"तू जत्रंला जातीस तवा देव कोनचा हाय त्ये म्हाईत नसतं व्हय गं?" मावशी म्हणायची आणि चहाचा कप तोंडाला लावायची.

मला मात्र नवल वाटायचं. मला आधी कळलं तर मालिका बेचव लागते. मग हिला कशी गोडी लागते? कदाचित भित्री असेल, धक्का सोसत नसेल, असं मी धरून चालले होते. एकदा मुद्दाम सातच्या सुमाराला वलवणला तिच्या घरी गेले. त्या भागात नायिकेचा सासरा घर सोडून जाणार होता, आणि दुपारी मीच ते तिला वाचून दाखवलं होतं. तरी ती गुडघ्यांवर हात ठेवून, पुढे सरकून बघत होती. तो काय बोलतो तिकडे तिचं लक्षच नव्हतं. "करडा सदरा. वरचं बटान तुटलंय," ती पुटपुटली. "चष्मा हातात धरलाय बघ." मी टीव्ही कमी आणि तिलाच जास्त बघितलं. भित्र्या माणसाचे डोळे असे नसतात, एवढं मला कळलं.

मग माझ्या हातून चूक झाली. एका दुपारी मोबाईलवर आलं की नायिकेचा नवरा ट्रक घेऊन घाटात जातो आणि परत येत नाही. मावशीचा नवरा रेल्वेत होता. तोही घाटातल्या कामावर असतानाच वारला, हे मला माहीत होतं. मला वाचवेना. मी म्हणाले, "आज काही विशेष नाही गं. सगळे लग्नाच्या खरेदीला जातात."

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या शेजारी बसली नाही. पलीकडच्या टेबलावर जाऊन बसली. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मीच तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. "मावशी, तुला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलले."

"वाईट वाटनारच की! रडायची कुटं भीती हाय मला?" ती म्हणाली. "पर मालिकेतला त्यो ट्रक घिऊन निगाला तवा मी तांदूळ निवडत बसले व्हते. त्याच्याकडं बघितलंच न्हाई." मग तिचा आवाज उतरला. "आमचे ह्ये गेले त्या सकाळी मी चुलीपुढं व्हते. दारातनं म्हनले, 'येतो गं.' मी पाठमोरीच 'हां' म्हनले. सदरा कोनता घातलाता, आजून आठवत न्हाई. म्हाईत असतं तर वळले असते ना शांते? आधी कळलं की मानूस नीट बघतंय."

त्यानंतर मी तिला वाचून दाखवताना एक अक्षरही बदललं नाही.

गेल्या वर्षी मावशीचं पोट दुखायला लागलं. तिचा मुलगा संजय तिला पुण्याला दाखवून आला आणि मला कारखान्याच्या फाटकाशी भेटला. "शांतामावशी, डॉक्टरांनी हात टेकले. फार तर दिवाळीपर्यंत. आईला अल्सर सांगितलाय. ती तुम्हालाच विचारेल, तुम्ही काही बोलू नका." मी मान हलवली. मला कुणाला नाही म्हणता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी मावशीने विचारलं. मी घरी गेले तेव्हा खाटेवर पडली होती. "मोबाईल नगं काढू. संज्या माज्याकडं बघून बोलत न्हाई. पुढचं तुला म्हाईत हाय. सांग."

संजयला शब्द दिला होता. पण तिचं ते पाठमोरं 'हां' आठवलं, आणि जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. दिवाळीसकट.

ती म्हणाली, "मंजी गनपती तरी गावत्यात मला."

संजय आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मावशीने कुरवंड्याहून बहिणीला बोलावून घेतलं. संजयला रोज पुढ्यात बसवून जेवू घातलं. तो कामावर निघाला की हाक मारायची, "वळ की रं. तोंड बघू दे." नवव्या दिवशी तो माझ्या दारात आला, आणि जाताना वळून माझ्याकडे बघून गेला.

गणपती झाल्यावर मी तिला शेवटची भेटले. चहा ठेवायला उठले तर म्हणाली, "पाठ नगं करूस. हितं बस." मी समोर बसले. ती माझ्याकडे बघत राहिली. कुणी असं बघितलं की माझी मान खाली जाते. त्या दिवशी मी ती खाली जाऊ दिली नाही. मीही बघितलं.

फिकट हिरवं लुगडं, काठाला जांभळी रेघ. डाव्या अंगठ्यावर गुळाच्या पाकाने भाजल्याचा जुना डाग. केस तिने स्वतःच विंचरले होते. भांग थोडा वाकडा होता.