सात नंबरचं जाकीट

आता कॉलेजच्या मैदानावरच्या रेषा रंगाच्या असतात. एकदा मारल्या की वर्षभर तिकडे बघायला नको. पूर्वी तसं नव्हतं. व्हॉलीबॉलचं मैदान मातीचं होतं आणि रोज दुपारी चारच्या सुमारास एक बुटका माणूस दोरी, दोन खुंट्या आणि तळाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा घेऊन यायचा. डब्यात चुन्याची फक्की. दोरी ताणून झाली की तो डबा हलवत उलट पावली मागे मागे जायचा आणि त्याच्या पुढ्यात पांढरी रेघ उमटत जायची. अंधार पडेपर्यंत पोरं ती पायांनी पुसून टाकायची. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा हजर.

त्याला सगळे फक्कीमामा म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. हेडक्लार्क येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "एकोणतीस वर्षं कॉलेजला चुना लावतोय, पण पठ्ठ्याने एकालाही फसवलं नाही." मामा हसायचे. दर वेळी तोच विनोद आणि दर वेळी तेच हसू.

जिन्याखालची खेळाच्या सामानाची खोली मामांच्या ताब्यात होती. कडी काढली की चामड्याचा, तेलाचा आणि वाळलेल्या घामाचा एकत्र वास यायचा. ज्यांनी तो एकदा घेतला त्यांना तो पुढे कुठल्याही जिन्याखाली अचानक येतो म्हणतात. चेंडूत हवा भरायची सुई मामा गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत जपून ठेवायचे आणि चेंडूत घालण्याआधी जिभेवर ओली करून घ्यायचे. पोरं नाकं मुरडायची. "अरे, कोरडी घातली तर आतलं रबर फाटतं," मामा म्हणायचे. "माझ्या थुंकीनं कॉलेजचे किती चेंडू वाचवलेत, ते एकदा प्राचार्यांना विचारा."

आणि त्यांची वही होती. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडाच्या पाठीची. वर्षाच्या सुरुवातीला संघ निवडला की मामा त्यात लिहायचे: जाकीट नंबर अमुक, मुलगा तमुक, पुढे मुलाची सही. अक्षर असं की छापील वाटावं. खेळाचे सर आल्यागेल्याला ती वही दाखवायचे. "मामांची वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं म्हणायचे. मामांना ते ऐकून फार बरं वाटायचं.

जाकिटं बारा. गडद निळी, पाठीवर पांढऱ्या कापडाचे आकडे. ते आकडे मामी घरी मशीनवर शिवून द्यायच्या. खेळताना घालायचे बनियन ज्याचे त्याच्याकडे असायचे, पण जाकिटं पंधरवड्याला धुवायला जायची आणि परत आली की खोलीसमोरच्या बाकावर गठ्ठा पडायचा. मामा त्या वेळी मैदानावर फक्की मारत असायचे. मग जो आधी येईल तो मापाचं उचलणार. पाचची चेन अडकायची, नऊची बाही उसवलेली, अकरा कधीच पुरतं वाळायचं नाही. सातची चेन मात्र लोण्यासारखी चालायची, म्हणून सातवर सगळ्यांचा डोळा. वहीत सात ज्याच्या नावावर होतं, त्याच्या अंगावर ते वर्षातून दोन-तीनदा दिसलं तरी खूप.

त्या वर्षी ते नाव होतं सुतळीचं. सुतळी म्हणजे संघातला सगळ्यात उंच, सगळ्यात किडकिडीत आणि सगळ्यात तापट पोरगा. एकदा पंचांनी चेंडू बाहेर दिला म्हणून त्यानं लाथ मारून चेंडूंची टोपली उलटवली होती. मामांनी त्याच्याकडून एकेक चेंडू वेचून घेतला होता. पण जाळ्याचे लोखंडी खांब उचलायची वेळ आली की न सांगता पुढे होणाराही तोच.

एका शनिवारी संघ अंतिम सामना हरला. संध्याकाळी बाजाराच्या रस्त्यावर फोटोवाल्याच्या दुकानात भांडण झालं. फोटोवाला म्हणाला होता म्हणे, की हरलेल्यांचा फोटो काढायचा तर मी भिंग झाकूनच काढतो. त्यावरून ढकलाढकली, काच फुटली, फोटोवाल्याच्या कपाळाला सहा टाके पडले. दोन मुलं तिथंच सापडली. तिसरा पळाला. दुकानातल्या कामगारानं त्याची पाठ पाहिली: निळं जाकीट, सात नंबर.

रविवारी सकाळी फौजदार कॉलेजवर आले. खेळाच्या सरांनी मामांना घरून बोलावून घेतलं. मामांनी कपाटातून वही काढली, कापडानं पुसली आणि पान उघडून पुढे ठेवली. फौजदारांनी अक्षर पाहून मान डोलावली. सात नंबर, पुढे नाव, पुढे सही. तासाभरात सुतळीला त्याच्या खोलीवरून उचललं. माझ्या अंगात चार नंबर होतं आणि मी नदीकडे एकटाच फिरत होतो, असं तो सांगत राहिला. सापडलेले दोघे तिसऱ्याचं नाव घेईनात. संघातल्या बाकीच्यांना विचारलं तर एकालाही काही आठवेना. नदीनं काही साक्ष दिली नाही.

सोमवारी पेपरात आलं: 'कॉलेजचे तीन गुंड खेळाडू गजाआड'. पेपरवाल्यानं चौकशी, खटला, निकाल सगळं एका ओळीत उरकून टाकलं होतं. तिघांचे फोटोही होते. त्याच फोटोवाल्यानं मागच्या वर्षी काढलेले.

मामा त्या दिवशी घरी येऊन भिंतीला टेकून बसले. मामी मशीनवर होत्या.

"सुतळीला धरलं म्हणे," मामी म्हणाल्या.

"हं."

"कशावरून?"

"सात नंबर त्याचा ना. वहीत आहे."

मशीनचं चाक थांबलं. "अहो, गेल्या महिन्यात सात नंबर संघातल्या त्या बुटक्या पोराच्या अंगात नव्हतं का? बाही लांब होते म्हणून माझ्याकडे मुडपून घ्यायला आला होता. मी म्हटलं, कॉलेजचं जाकीट कापत नसतात, बाळा."

मामा पायांवरची फक्की झटकू लागले.

"मग या शनिवारी कुणाकडे होतं?"

"मला काय माहीत. शुक्रवारी गठ्ठा आला तेव्हा मी मैदानावर होतो."

"मग पोलिसांना काय दाखवलंत?"

"वही."

मामींनी दोरा दातानं तोडला. "छान. पोरांच्या पाठीवरचा आकडा रोज बदलतो आणि तुमची वही वर्षभर तेच तुणतुणं वाजवत बसलीय."

"अगं, पण तोच असणार," मामा हळूच म्हणाले. "त्याचा स्वभाव मला माहीत आहे. टोपली कुणी उलटवली होती?"

"असेलही. मी कुठं नाही म्हणतेय? पण तुम्ही पाहिलंत का?"

खरी अडचण तीच होती. मामांना मनापासून वाटत होतं की तो सुतळीच आहे. तसं नसतं तर बरं झालं असतं. पोर निर्दोष आहे अशी खात्री असती, तर जाऊन सांगायला बळ आलं असतं. इथं सांगायचं काय, तर माझी वही फुकाची आहे, एवढंच. आणि तेही अशा पोरासाठी, ज्यानं बहुतेक ते केलंच असावं.

मंगळवारी ते खेळाच्या सरांकडे गेले. सरांनी सगळं ऐकून दार लोटून घेतलं.

"मामा, झाकली मूठ सव्वा लाखाची. वहीबद्दल बोललात तर उद्या विचारतील, चेंडू किती, जाळी किती, सगळंच असं का? तुमची दोन वर्षं राहिलीत."

"पण पोराला त्या वहीवरून..."

"पोलिसांनी धरलंय ना? उगाच धरतात का?"

"माझ्या वहीवरून धरलंय, सर. म्हणून तर आलोय."

सरांनी खिडकीही लावून घेतली. मग म्हणाले, "गुरुवारी बैठक आहे. तिघांची नावं कॉलेजातून काढायची, असं प्राचार्यांच्या मनात आहे. तुम्हाला फक्त वही घेऊन यायला सांगतील. दाखवा आणि बाहेर या."

गुरुवारपर्यंत सुतळी जामिनावर सुटला होता. कॉलेजच्या फाटकाबाहेर वडिलांबरोबर उभा होता. आत सोडू नका असा रखवालदाराला हुकूम होता. वडील कुठल्याशा गिरणीतून पाळी बदलून आले होते, कपड्यांवर कापसाचे तंतू तसेच. मामा वही काखेत घेऊन त्यांच्यासमोरून आत गेले. सुतळीनं "मामा" म्हणून हाक मारली. मामांनी ऐकू न आल्यासारखं केलं. पुढे कितीतरी वर्षं ते त्यांना खुपत राहिलं.

बैठकीत पाचजण होते. कायदा शिकवणारे वयस्कर प्राध्यापक म्हणत होते, "गुन्हा शाबित होईपर्यंत माणूस निर्दोषच धरायचा असतो. सापडलेल्या दोघांनासुद्धा हे लागू आहे. आपण कोर्टाच्या आधी निकाल द्यायची घाई कशाला?"

"ते कोर्टात ठीक आहे," प्राचार्य म्हणाले. "इथं कॉलेजच्या अब्रूचा प्रश्न आहे. आणि इथं पुरावा लेखी आहे. मामा, ती वही द्या. सात नंबर कुणाच्या नावावर?"

मामांनी नाव सांगितलं.

"त्याची सही आहे?"

"आहे."

"झालं तर."

"साहेब, वही खोटी आहे."

हेडक्लार्कचं पेन थांबलं. प्राचार्यांनी चष्मा काढला. "खोटी म्हणजे?"

"म्हणजे सुरुवातीला खरी असते. पहिली धुलाई झाली की नाही." मामांनी वहीवर हात ठेवला. "नंतर जो आधी येईल तो उचलतो. सातची चेन चांगली आहे म्हणून सगळेच धावतात. शनिवारी ते कुणाच्या अंगात होतं, मला ठाऊक नाही. मी पोलिसांना हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

"किती वर्षं चाललंय हे?"

"एकोणतीस."

कुणीतरी हसलं. बहुधा हेडक्लार्कच असावा. मामांना त्या हसण्यापेक्षा खेळाच्या सरांची खाली गेलेली मान जास्त लागली.

"म्हणजे तो निर्दोष आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाही साहेब. ते मला कुठं माहीत आहे? मला एवढंच माहीत आहे की ही वही त्याच्यावर बोट ठेवते, आणि तिला तो अधिकार नाही."

कायद्याचे प्राध्यापक म्हणाले, "हे जरा लिहून घ्या," आणि हेडक्लार्कनं नाइलाजानं लिहून घेतलं. तासाभराच्या वादानंतर ठरलं की कोर्टाचा निकाल लागेपर्यंत कुणाचंच नाव काढायचं नाही. तिघांनी वर्गात बसावं, परीक्षा द्यावी, खेळू मात्र नये. प्राचार्य शेवटी म्हणाले, "आणि खोलीची किल्ली देऊन जा, मामा."

मामांची बदली तळमजल्यावरच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली. तिथल्या एकुलत्या खिडकीतून मैदानाचा कोपरा दिसायचा. नवा माणूस दोरी न ताणताच फक्की मारायचा. त्या कोपऱ्यातली रेघ सापासारखी जायची. सुरुवातीला मामा खिडकीकडे पाठ करून बसायचे. मग हळूहळू चार वाजले की आपोआप उठून उभे राहू लागले. पोरांचे आवाज यायचे, चेंडूचा तो भरीव ठप्प आवाज यायचा. हवा कमी भरली असली तर मामांना ते आवाजावरून कळायचं, आणि सांगायला जायचं नाही म्हणून जीव चुटपुटायचा.

कोर्टात त्यांनी तेच सांगितलं. सरकारी वकिलांनी टोमणा मारला, "एकोणतीस वर्षं खोटं लिहिलंत, मग आज खरं बोलताय कशावरून?" "बरोबर आहे," एवढंच मामा म्हणाले. दोन वर्षांनी निकाल लागला. दोघांना दंड झाला, सुतळी पुराव्याअभावी सुटला. तोवर तो पदवी घेऊन बाहेर पडला होता. त्याच महिन्यात मामाही निवृत्त झाले. सत्कारात खेळाच्या सरांनी भाषण केलं, त्यात वहीचा उल्लेख नव्हता.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी दारात एक उंच माणूस उभा राहिला. पोट सुटलं होतं, केस मागे हटले होते, पण मान झुकवून आत येण्याची लकब तीच. वीज मंडळात इंजिनियर होता. जाळ्याच्या खांबांच्या, ओल्या सुईच्या, न वाळणाऱ्या अकरा नंबरच्या गोष्टी निघाल्या. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मामींना मात्र धीर नव्हता. त्यांनी मधेच विचारलं, "काय रे, इतकी वर्षं झाली. खरं सांग, तू होतास का तिथं?"

"अगं," मामा म्हणाले.

"अगं काय? तुम्ही विचारणार नाही, मरेपर्यंत."

तो हसला. "नव्हतो, मामी. नदीवर होतो. हरल्याचं रडू येत होतं, ते कुणाला दिसू नये म्हणून."

"मला वाटलंच होतं," म्हणत मामी चहा टाकायला उठल्या.

जाताना मामा त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेले. चपला फरफटवत, काहीतरी शब्द जुळवत. कडीवर हात ठेवून म्हणाले, "हिला वाटलं होतं की नाही ते माहीत नाही. पण मला वाटत होतं, तूच असशील. बैठकीत बोललो तेव्हाही. कोर्टातही."



"माहीत आहे, मामा. त्या दिवशी फाटकात मी हाक मारली होती."

"ऐकली होती."

"माझे वडील तेव्हा म्हणाले, 'हा माणूस तुझ्या बाजूचा दिसत नाही.' संध्याकाळी कायद्याच्या प्राध्यापकांनी बाहेर येऊन सगळं सांगितलं, तर वडील रस्त्यातच खाली बसले. मला म्हणाले, 'बाजूचा नसूनही बोलला.' मरेपर्यंत हेच सांगायचे लोकांना."

मामांनी कडी काढली, आणि सुतळी सवयीनं मान झुकवून बाहेर पडला.