उलटा चालणारा वांगेवाला

वऱ्हाड अजून मध्य प्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. शेलूबाजारच्या रस्त्यावर डोक्यावर वांग्यांची टोपली घेतलेला एक माणूस माझ्याकडे तोंड करून चालताना दिसला. बाजारातून परतला असेल म्हणून मी विचारलं, "भाऊ, वांग्याले काय भाव निंगाला?"

"मले काय मालूम? मी तं आता कुठं बाजाराकडं जाऊन राह्यलो."

गडी चक्क उलटा चालत होता! सरळ चालला की त्याचा उजवा पाय पिळलेल्या धोतरासारखा आत वळायचा. तेल चोळून झालं, दर्ग्यातला गंडा बांधून झाला, भगतानं दोन कोंबड्या खाल्ल्या; पाय काही ऐकेना.

"मंग अकोल्याच्या डाक्टरनं पाह्यलं. म्हने, पायात खोट नाई, डोक्यातूनच पायाले वाकडा हुकूम येते. यावर दवा नाई. मंग त्यायनं मले उलटं चालवलं, तं पाय एकदम सरळ!"

"लोक हासत नाई का?"

"हासतात ना. पन लोक पाठीमांगं हासतात, अन् मले मांगचंच सारं दिसते."

एवढं बोलून तो झपझप निघाला. मी मुद्दाम मागे रेंगाळलो, हसू दाबून त्याची पाठ फिरायची वाट पाहत.

ती फिरलीच नाही.