चांदणीनंतरचं ताट

कळसाडीत छबूबाईचं जेवण चांदणीला बांधलेलं होतं. मुलाच्या, भूपेशच्या, दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात ती प्रकाशा या तीर्थाला गेली. तापीच्या घाटावर ओल्या लुगड्यानं उभी राहून महादेवाला म्हणाली, पोरगा उठून कामाला लागेपर्यंत मी दिवसा अन्न घेणार नाही. चांदणी बघेन, मग जेवेन, तेही एकदाच.

ती रडली नाही. घरी आली तेव्हाही रडली नाही. बोटाला दोरा गच्च बांधावा आणि सोडायचा विसरून जावा, तसं तिच्या आत काहीतरी बधिर झालं होतं. आधी आधी दुपारी भूक लागायची, पुढे तीही लागेनाशी झाली.

भूपेश शहाद्याच्या एका कृषी केंद्रात कामाला होता. खताच्या गोण्या खांद्यावर घेऊन जिना चढणारा गडी. आता तो आठवड्यातून दोनदा नंदुरबारला मशीनवर रक्त धुवून यायचा आणि ओसरीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचा. डॉक्टर म्हणाले, किडनी बदलली तर हा पुन्हा उभा राहील, नाहीतर मशीनच्या भरवशावर किती दिवस, ते सांगता येत नाही. बाप पितांबर, त्याचा रक्तगट जुळला नाही. बायको रंजिता, तिचाही नाही. आईचा जुळला. सुरतच्या मोठ्या दवाखान्यात छबूबाईच्या सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या, आणि शेवटी काट्यावर उभं केलं तेव्हा वजन जास्त भरलं. दहा किलो उतरवून या, मग बघू, म्हणाले.

छबूबाईला यात अवघड काही वाटलं नाही. दिवसभर उपाशी राहणाऱ्या बाईचं वजन आपोआप उतरणार, असंच सगळ्यांनी धरलं. नवस आणि काटा एकाच दिशेनं चाललेत असं तिला वाटलं. पुढच्या खेपेला काट्यावर उभी राहिली तर आकडा आणखी वर गेलेला.

गाव गप्प बसत नाही. हापशावर शेजारची रेवाबाई भरल्या हंड्यावर हात टेकून म्हणाली, "दिनभर उपाशी म्हणे, आन् आंग देखा! चांदणी तिले तूप पाजस का काय वं?"

बायका हसल्या. त्यांच्यातलीच एक हलक्या आवाजात बोलली, "पोऱ्याले किडनी देवाना जीव नही व्हई. म्हणीसन फुगी ऱ्हायनी."

हे वाक्य हापशावरून निघालं आणि संध्याकाळपर्यंत रंजिताच्या कानात येऊन बसलं. दोन दिवस तिनं ते तसंच बसू दिलं. तिसऱ्या दिवशी सासूसमोर परातीत पीठ घेऊन बसली, पण मळेना.

"जिजी, राग नका येऊ द्या. खरं सांगा, दिनमा काही खातस का तुम्ही?"

छबूबाईनं सुनेकडे पाहिलं. तिला राग यायला हवा होता. ती आतमध्ये राग शोधत राहिली, पण तिथे काही सापडलं नाही.

"चहा पेस," ती म्हणाली. "आजून काही नही."

"मंग हाई वजन कसं?"

"माले काय माहीत, माय."

रंजितानं पीठ मळायला घेतलं. तिचा विश्वास बसला की नाही, हे तिच्या हातांवरून कळत नव्हतं.

पुढच्या खेपेला सुरतच्या डॉक्टरांनी त्यांना आहार सांगणाऱ्या बाईंच्या खोलीत पाठवलं. खोलीत एक तरुण मुलगी बसलेली, अतिका नावाची. मावशी कोणत्या गावच्या, हे कागदावर वाचून ती खुर्चीत सरळ झाली.

"मी शहादानी शे, मावशी. बिनधास्त अहिराणीमा बोला. जेवतस कव्हय?"

"चांदणी निंघनी म्हंजे."

"म्हंजे सात-साडेसातले?"

"नही वं. आंधी पोरगाना बापले वाढनं. मंग पोरगा मशीनवरथून येस, त्याले, मंग वहू. समदास्नं व्हयनं का मंग मी."

"म्हंजे दहा."

"कव्हय दहा, कव्हय त्याना बी पुढे."

"आन् जेवी का?"

"जेवी का निजस. आजून काय नाचू?"

अतिका हसली. मग तिनं चहाचं विचारलं. चहाला नवसात बंदी नव्हती, त्यामुळे डोकं दुखलं की चहा, पाहुणा आला की चहा, आणि दूध-साखर घालून गोडच. रंजिता सासूशेजारी बसून ऐकत होती. सासू चोरून खात नव्हती, हे तिला त्या खोलीत पुरतं कळलं. तिनं मान खाली घातली.

"आंगले बी दिवस-रात शे, मावशी," अतिका म्हणाली. "उजेडमा खाद्यं ते आंग खर्चस. रातले उशिरा पोटभर खाद्यं, वरथून लगेच निजनं, का तेच आंग बांधीसन ठेवस. समदास्लेच इतलं व्हस असं नही. पण तुम्हना आंगले हाऊ टाइम मानवी नही ऱ्हायना. सकाय पोटभर जेवा. दुपारले थोडं. संध्याकायनं सूर्य बुडाना आंधी, थोडंच. भाकरी तीच खा, टाइम बदला. गोड चहा बंद."

छबूबाईनं बोटांवर तिन्ही जेवणं मोजली. मग म्हणाली, "बेटा, तू रोजा धरत व्हशी. दिन बुडाना आंधी कोणी खाय म्हने तर खाशी का?"

अतिकानं पेन खाली ठेवलं. "मन्ही आजी आजारी पडनी तव्हय तिनी रोजा सोडा," ती म्हणाली, "पण तो तिना निर्णय व्हता. तुम्ही नवस तोडा असं मी नही सांगाव. मी फक्त टाइम सांगस."

परतीच्या गाडीत छबूबाई खिडकीला डोकं टेकून बसली. बाहेर नवापूरचे डोंगर मागे पडत होते. दिवसा जेवलं तर नवस मोडतो, आणि नवस मोडला तर पोरगा जातो, हे तिला आपल्या नावाइतकं ठाऊक होतं. रात्री जेवलं तर वजन राहतं, किडनी घेत नाहीत, आणि तरीही पोरगा जातो. दोन्ही वाटा त्याच खाटेपाशी येऊन थांबत होत्या.

घरी आल्यावर रंजितानं तान्ह्या पोरीला खाली ठेवून पदर पसरला. आमच्याकडे सासूचं व्रत सून आपल्या पदरात घेते, मूठभर तांदूळ टाकले की ते तिचं होतं.

"माले द्या, जिजी. मी चालाडसू."

"तुन्ही पोर आंगवर पेस," छबूबाई म्हणाली. "तू उपाशी ऱ्हायनी तर तिना हाल व्हतीन."

ओसरीत पितांबर बसला होता. हा माणूस दिवा लागला की ताट मागणारा. दोन मिनिटं उशीर झाला तर तांब्या आपटून दाखवणारा. जन्मात एकादशी धरली नव्हती. भूपेशच्या आजारात तो फार बोलला नव्हता, केळीच्या मळ्यात जायचा आणि यायचा. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर पसरलं.

"आठे टाक," तो म्हणाला.

मीठ मागायला आलेली रेवाबाई दारातच थबकली. "आबा, बाईनं व्रत बाप्या धरस का कोठे?"

"देवनी काय बाई-बाप्या इचारं व्हतं?" पितांबर म्हणाला. "पोरगा मन्हा बी शे."

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं प्रकाशाला गेले. जिथे तिनं नवस बोलला होता तिथेच तिनं त्याच्या उपरण्यात तांदूळ टाकले. त्यानं गाठ मारली. ऊन चांगलं वर आलं होतं. पितांबरनं फडक्यातली भाकरी आणि मिरचीचा ठेचा तिच्यापुढे ठेवला.

"जेव."

"तुम्ही?"

"मन्ही चांदणी निंघाले टाइम शे."

लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती. त्याच्या आधी ती एकदाही जेवली नव्हती. तिचा हात घासापाशी जाऊन थांबला. पितांबर उठला, चार पायऱ्या उतरला आणि तिच्याकडे पाठ करून पाण्याकडे बघत बसला. तेव्हा तिनं घास घेतला. भाकरीला चव नव्हती, ठेच्यालाही नव्हती. ती चावत राहिली. भाकरी संपेपर्यंत तो वळला नाही.

पहिल्या महिन्यात काही फरक पडला नाही. छबूबाई सकाळी सगळ्यांच्या आधी जेवायची, चोरी केल्यासारखी भराभर. ऊन पिवळं झालं की दुसरं ताट. साखरेची बरणी रंजितानं वरच्या फळीवर नेऊन ठेवली. पितांबर संध्याकाळी ओट्यावर आकाशाकडे बघत बसायचा आणि जाणारा-येणारा टॉवरवरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवायचा. "आबा, निंघनी चांदणी! पळा जेवाले!" तो शिवी द्यायचा, पण उठायचा नाही. चांदणी दिसली की मात्र रंजिता त्याला क्षणभर थांबू द्यायची नाही, ताट तयारच असायचं. तेव्हा कुठे घरातल्या लोकांच्या ध्यानात आलं की नवसात चांदणी होती, रात्रीचे दहा नवसात नव्हते. ते दहा घरानं छबूबाईला दिले होते.

दुसऱ्या महिन्यापासून वजन हलू लागलं. हळू, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात उतरतं तसं. बांगड्या मनगटावर घसरू लागल्या. भूपेशही उतरत होता, पण त्याचं उतरणं वेगळं होतं. दोघांतलं कोण आधी पोचतं, हे घरात कोणी बोलत नव्हतं.

केळीची कापणी चालू असताना त्यांना सुरतला बोलावलं. छबूबाईनं चपला काढल्या आणि काट्यावर उभी राहिली. डॉक्टरांनी आकडा पाहिला, तपासण्यांचे कागद पुन्हा पाहिले आणि होकार दिला. रंजिता तिथेच फरशीवर बसून रडायला लागली. पितांबर उगाचच भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिला. छबूबाईनं चपला घातल्या आणि भूपेशला ठेवलं होतं त्या वॉर्डात गेली.

"काय म्हनतस डॉक्टर?" त्यानं विचारलं.

"घेतस म्हने," ती म्हणाली. जिनिंग मिलवर कापसाची गाडी पास झाल्याचं घरी येऊन सांगावं, तेवढ्याच सहज.

 भूपेशचा सुजलेला हात तिच्या हातावर आला.

"तुले भलतं दुखी, माय."

"दुखू दे," ती म्हणाली, आणि त्याच्या अंगावरची चादर पायापर्यंत ओढली.