मामा, मी कोण आहो?

आमच्या नाटक कंपनीतली माणसं चहाला बसली की किस्से निघतातच. माझी अडचण एवढीच, की माझ्याच किश्शांत मी काय करत होतो हे मला आजवर धड कळलेलं नाही. आता सिनेमात चार कामं केली, तरी तीच गत.

अर्जुनी मोरगावकडच्या एका मंडईत माझं पहिलं नाटक होतं. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, आणि नाटकं. आज एक, उद्या दुसरं, पाठांतराला वेळ कोणाला? माझा सख्खा मामा कंपनीचा प्रॉम्प्टर. पडद्याआड वही घेऊन बसायचा. म्हणाला, "पाठ-बिठ करू नको बे. कान माह्याकडं ठेव. मी बोलतो ते बोल."

मी झालो न्यायाधीश. मामा बोलेल ते बोलत गेलो. मध्येच मामाला तंबाखूची तलफ आली. त्यानं तबलेवाल्याला विचारलं, "खर्रा कोणापाशी आहे?" मीही आरोपीवर बोट रोखून गरजलो, "खर्रा कोणापाशी आहे?" आरोपीनं घाबरून खिशातून पुडी काढून दिली!

टाळ्या पडल्या. ॲक्टिंग जमली का, असं मी मामाला विचारलं. तो म्हणाला, "ॲक्टिंग नाही, पोपट आहेस तू." मला फार लागलं ते. कधीतरी याच्या तोंडून 'नट' म्हणवून घ्यायचंच, असं तेव्हाच ठरवलं.

*

आमगावला तर कमालच झाली. मी एंट्री घेतली आणि कालच्या नाटकात माझी बायको असलेली हिरोईन रडत माझ्या पायाशी आली. मी गोंधळलो. पडद्याकडं सरकून हळूच विचारलं, "मामा, मी कोण आहो?"

माइक चालू होता. मामाला वहीत पान सापडेना. शेवटी पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बाप हायेस तिचा. डोक्शावर हात ठेव."

मी मुकाट्यानं ठेवला.

*

मग मुंबईत एका सिरियलची ऑडिशन. कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो, पण सवयीनं मान डावीकडं, कान पडद्याकडं. तिथं पडदाच नव्हता. त्यांनी तीनदा "ॲक्शन" म्हटलं, मी आपला वाट पाहत उभा. त्यांनी आपसांत काहीतरी कुजबुज केली आणि मला रोल दिला. बहिऱ्या काकाचा!

सिरियल लागल्यावर तिरोड्याची मावशी महिनाभर माझ्याशी ओरडून बोलत होती.

*

पुढं सिनेमात मोठा रोल मिळाला. शेवटचा सीन, बहिणीसमोर उभं राहून एकच वाक्य म्हणायचं. कॅमेरा सुरू झाला आणि वाक्य गेलं! पार पुसलं गेलं. मी उभाच. कोणी सांगेना. बऱ्याच वेळानं कसंबसं आठवलं, बोललो.

आता हाकलतात, असं वाटत होतं. डायरेक्टर डोळे पुसत आले. म्हणाले, असा पॉज त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. नंतर पेपरवालेही त्या पॉजबद्दलच विचारत राहिले. मी मान हलवत राहिलो. खरं काय ते सांगायची हिंमत झाली नाही, आणि खरं काय तेही नीट कळेना.

*

सिनेमा गोंदियाला लागला तेव्हा मामाला घेऊन गेलो. त्यानं आता काम सोडलंय, डोळ्यांनी कमी दिसतं. आत शिरतानाच म्हटलं, "मामा, आज तरी सांग, मी नट आहो का नाही." तो म्हणाला, "पाहू दे तं आधी."

शेवटचा सीन आला. बहिणीसमोर मी गप्प. अख्खं थेटर गप्प. वाक्य मामाला पाठ होतं, शूटिंगआधी आठ दिवस मी फोनवर त्याच्याकडूनच घोटून घेतलं होतं.

मामा खुर्चीत पुढं सरकला. तोंडाला हात आडवा लावून पडद्याकडं म्हणाला, "ताई, चूक माझी होती."

मागून कोणीतरी वैतागलं, "अरे काका, चुप बैठो ना, ॲक्टिंग चल रही है."

मामा गर्रकन वळला.

"कायची ॲक्टिंग? पोट्टा अटकून राहिला तिथं!"

आणि पुन्हा पडद्याकडं तोंड करून, आणखी मोठ्यानं म्हणाला, "ताई, चूक माझी होती."