या की

कसबा बावड्याच्या बसथांब्यावर तो मला रोज सकाळी दिसायचा. साल दोन हजारच्या आसपासची गोष्ट. तो फौजेतून आलेला. सुरुंगाच्या स्फोटात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. सोबत वासराएवढं काळं कुत्रं असायचं. दम खायला थांबला तरी बाकावर कधी टेकायचा नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहायचा आणि त्याची नजर सारखी रस्त्यावर भिरभिरायची. त्याच्याशेजारी उभं राहिलं की मीही उगाचच मागं वळून बघायचो.

एकदा समोरच्या मंगल कार्यालयाबाहेर लग्नाची फटाक्यांची माळ लागली. तो ताठरला. हातातली काठी पडली. मी सावरायला त्याच्या खांद्याला हात लावला, तर त्यानं माझं मनगट असं पिरगाळलं की मी कळवळलो. कुत्रं आमच्यामध्ये घुसलं. अंगाचा सगळा भार टाकून कुत्र्यानं त्याला भिंतीशी खाली बसवलं आणि त्याच्या मांडीवर आडवं पडलं. बऱ्याच वेळानं त्याची बोटं कुत्र्याच्या केसांत हलू लागली.

"लागलं काय, पावणं?" त्यानं विचारलं.

"न्हाय," मी खोटंच बोललो.

"झोपेत असाच बायकोचा हात मोडला माझ्याकडनं. तवापास्नं घरात मला कोण उठवत न्हाय. ह्ये कुत्रंच उठवतंय."

दुसऱ्या दिवसापासून मी चार पावलं अलीकडंच थांबून विचारायचो, "येऊ काय?"

तो आधी कुत्र्याकडं बघायचा. मग म्हणायचा, "या की."