मनगटावर साडेचार बोटं

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर वाचले ते चिडायला. वाचून झाले की संपादकांना पत्र लिहायचं — पुरावा काय, साक्षीदार कोण, दिवा का नाही लावलात? आमच्या घरी देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा बुवाबाजीविरुद्ध पत्रकं छापायचे आणि मी शाळेच्या गणवेशात तळेगावच्या आठवडे बाजारात ती वाटायचे. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी एक गोष्ट ठरलेली असायची, की पुरावा आपल्याला नकोसा असला तरी लपवायचा नाही. त्यापायीच हे लिहितेय.

उर्से आणि परंदवडीच्या मधे एका छोट्या कंपनीच्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट आहे. आम्ही चमकणारे रंग बनवतो. पण त्यांचा उजेड तांबड्याच्याही पलीकडचा, माणसाच्या डोळ्याला न दिसणारा. तो बघायला खास कॅमेरा लागतो. रंगाच्या रेणूच्या टोकाला अझाइडची कडी असते. ज्या प्रथिनावर खूण करायची, त्यावर या कडीची जोडीदार कडी आधी बसवायची. मग दोन्ही एकत्र आणले की टिचबटणासारखं बसतं... आणि पुन्हा निघत नाही. जोडीदार नसेल तर रंग साबणाने धुऊन जातो. एवढं लक्षात ठेवा.

सिंकखाली दोन सारखेच पांढरे कॅन असतात. डावीकडे अझाइडचा कचरा, उजवीकडे आम्लाचा. हे दोन एकत्र आले तर विषारी वायू सुटतो, आणि तो फुटूही शकतो.

काचेची भांडी धुणाऱ्या हिराबाई मावशी डोंगरालगतच्या ठाकरवाडीतून चालत येतात. त्यांच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट अर्धंच आहे, लहानपणी गवत कापताना विळ्याने गेलं. "तुमच्या भांड्यांना साडेनऊ बोटं लय झाली," असं त्याच म्हणतात.

त्या सोमवारी मला आम्लाच्या कॅनच्या मुठीला काळी चिंधी बांधलेली दिसली. गेल्याच महिन्यात मी भांडून गेटवरचं लिंबू-मिरची काढायला लावलं होतं. माझं डोकं फिरलं. "मावशी, प्रयोगशाळेला नजर लागत नाही," मी सगळ्यांसमोर म्हणाले. चिंधी सोडली, टोपलीत टाकली आणि पाच मिनिटं भाषण दिलं. त्या ओले हात पुसत उभ्या होत्या.

"बरं ताई," एवढंच म्हणाल्या.

बुधवारी मावशी रजेवर होत्या. मुलीच्या सासरचे यायचे होते. दुपारचे सव्वातीन. माझी सहकारी प्राजक्ता दहा फुटांवर वजनकाट्यापाशी, माझ्याकडे पाठ करून बसलेली. बाकी कुणी नव्हतं, दार बंद होतं. मी अझाइडच्या कचऱ्याचा बीकर घेऊन डावीकडच्या कॅनपाशी वाकले. रोजचंच काम, लेबल बघितलं नाही. झाकण काढलं, बीकर तिरपा केला... आणि कुणीतरी माझं उजवं मनगट धरलं. मागून. घट्ट.

"प्राजक्ता, काय करतेस?"

"वजन," ती जागेवरूनच म्हणाली. "श्वासही हळू घे, काटा हलतोय."

मागे कुणी नव्हतं. मनगट अजून दाबल्यासारखं दुखत होतं. मी बीकर खाली ठेवला आणि कॅन फिरवला. लेबल भिंतीकडे गेलं होतं. आम्ल. कॅनची अदलाबदल झाली होती.

मी खाली फरशीवर बसले. स्नायू आखडला असेल, असं स्वतःला समजावलं. मग जाऊन मॅनेजर सरांना सगळं सांगितलं — हाताचं सोडून.

"काल संध्याकाळी फरशी कुणी पुसली? हिराबाईनेच ना?" ते म्हणाले. "ठेकेदाराला सांगतो. सोमवारपासून दुसरी बाई."

"आधी त्यांना विचारू."

"काय विचारायचं? तुम्ही मेला असतात."

गुरुवारी सकाळी मी कॅमेऱ्याच्या पेटीत नमुना ठेवत होते. कॅमेरा चालू राहिला होता. पडद्यावर माझा हात आला आणि हातावर... दुसरा हात.

मनगटाभोवती पकडीची खूण लखलखत होती. एका बाजूला अंगठा. दुसऱ्या बाजूला तीन पूर्ण बोटं आणि एक अर्धं.

मी हात साबणाने धुतला. मग स्पिरिटने. परत पेटीत घातला. खूण तशीच, जराही फिकी नाही. साध्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. बरं, आदल्या दिवशी माझा हातमोजा मनगटाच्या वर चार बोटं होता आणि त्यावर अॅप्रनची बाही. मोज्याच्या आत, थेट कातडीवर रंग गेला कसा? आणि कातडीवर जोडीदार कडी नसताना बसला कसा?

खरं सांगायचं तर मी एवढी घाबरले नव्हते कधी. भुताला नाही. हे चित्र सरांनी पाहिलं तर ते एवढंच म्हणतील, की हिराबाई रंगाच्या बाटल्याही उघडते. चित्र पुसायला एक बटण पुरे होतं. माझं बोट त्यावर गेलंही.

मावशी आल्या तेव्हा मी त्यांना पेटीपाशी नेलं. "मावशी, हात घाला."

"कापत न्हाई ना ह्ये?"

"नाही. फोटो काढतं."

त्यांनी दोन्ही हात आत घातले. पडदा काळाकुट्ट. रंगाचा ठिपकाही नाही. मग मी माझा हात घातला. त्या पडद्याकडे बघत राहिल्या, आपलं अर्धं बोट चोळलं.

"माझाच हाय," म्हणाल्या.

"काल सव्वातीनला कुठे होतात?"

"घरी. पाव्हण्यांसाठी कोंबडी धरत हुते. हातात आली नि सुटली." मग म्हणाल्या, "तुमी गावला असाल."

त्या हसल्या. मला हसता आलं नाही. मी कॅनचं विचारलं. फरशी पुसायला दोन्ही बाहेर काढले होते, त्या म्हणाल्या, पण परत ठेवताना कोणता कुठला ते कळेना.

"मला वाचता येतंय व्हय? म्हणून तर काळी चिंधी बांधली हुती. जळतं त्याला काळी."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी सांगत हुता ताई. इचारलं कुटं?"

मी दोन कागद घेऊन सरांकडे गेले. एक अहवाल — चूक माझी, चिंधीची खूण मी काढली, ती का बांधली ते विचारलं नाही. दुसरं ते चित्र, सोबत गेटच्या रजिस्टरची नक्कल. बुधवारी हिराबाई आत आल्याच नव्हत्या. सरांनी चित्र बराच वेळ पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हे अहवालात नको."

"मग अहवालावर माझी सही नाही."

चित्र अहवालात गेलं. मला मेमो मिळाला, तो रास्त होता. मावशी कामावर आहेत. आता प्रत्येक कॅनला चिंधी असते आणि कुठला रंग कशाचा, ते भिंतीवरच्या तक्त्यात चित्रासकट लावलंय. चिंध्या त्याच निवडतात.

मनगटावरची खूण मी रोज बघायचे. दहाव्या दिवशी अर्धं बोट पुसट झालं, नंतर बाकीची. तज्ज्ञांना विचारलं. प्रत्येकाने काहीतरी सुचवलं, कुणाचंच मोज्याच्या आतल्या त्या अर्ध्या बोटाला लागू पडलं नाही.

अहवालात त्या चित्राखाली 'कारण' असा रकाना होता. तिथे मी लिहिलं, 'माहीत नाही'. बाबा माझं प्रत्येक लिखाण लाल पेनने तपासतात. हा मजकूरही तपासला. चार ठिकाणी खाडाखोड केली. त्या दोन शब्दांपाशी पेन थांबलं, तिथेच जरा टेकलं... आणि पुढे गेलं.